समुद्राचा सातबारा
(दिल्लीत दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)



समुद्रावर बोलायला दिल्लीसारखं गैरसोयीचं गाव नाही असं कोणालाही वाटेल. पण देशाच्या समुद्राचा कारभार कुठून चालतो ते एकदा पाहा. नोएडाच्या सेक्टर २४ मध्ये दीपभवन आहे. देशभरातल्या दीपगृहांचं महासंचालनालय तिथे बसतं. सेक्टर १ मध्ये अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरण आहे. आपली यमुना, जिचं पाणी पाहून आपण नाकाला रुमाल लावतो, ती २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ११० झाली आहे. नौदलाचा मुख्य कारभार अनेक दशकं साउथ ब्लॉकमधून चालला, आणि मार्च २०२४ मध्ये दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये नौसेना भवन उभं राहिलं. समुद्राचे नकाशे मात्र दिल्लीहूनही आत, मसुरीच्या डोंगराखाली, डेहराडूनच्या राजपूर रोडवर तयार होतात. राष्ट्रीय जलालेखन कार्यालय तिथे आहे. ते नौदलाचं आहे. त्याच्या कामाविषयी मला आज बोलायचं आहे.

मी नौदलातला नाही. भूगोल आणि इतिहास यांच्या सीमेवर वावरणारा माणूस आहे. ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो ते गुरुजी आयुष्यभर भूगोल शिकवत होते, तेव्हा विषय अगदीच उपरा ठरू नये.

आपल्या पिढीने शाळेत एक आकडा पाठ केला: महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर. केंद्र सरकारच्या दप्तरी तो ६५२.६ होता. आता त्याच दप्तरात तो ८७७.९७ किलोमीटर झाला आहे. साऱ्या देशाचा किनारा ७,५१६ वरून ११,०९८ किलोमीटरवर गेला. पश्चिम बंगालचा तर १५७ वरून ७२१. समुद्र कुठे सरकला नाही, आपण कोणाची जमीन घेतली नाही. जुनी मोजणी सत्तरच्या दशकातली, ४५ लाखांस एक या प्रमाणावरची. म्हणजे नकाशावरचा एक मिलिमीटर प्रत्यक्षात साडेचार किलोमीटर. त्या प्रमाणावर जयगडची खाडी काय आणि दाभोळची काय, पेन्सिलच्या टोकाखालीच जाते. नवी मोजणी अडीच लाखांस एक या प्रमाणावर, म्हणजे मिलिमीटरला अडीचशे मीटर. ती करण्यात डेहराडूनचं हे कार्यालय आणि सर्व्हे ऑफ इंडिया दोघेही होते. खाड्या, मुखं, बेटं मोजणीत आली आणि आकडा फुगला. पुदुच्चेरीचा उलट कमी झाला, हेही लक्षात ठेवा. उद्या पन्नास हजारांस एक प्रमाण घेतलं तर आकडा आणखी वाढेल. किनाऱ्याला स्वतःची अशी एकच लांबी नसते, मोजणारा किती बारीक पाहतो त्यावर ती ठरते.

यावरून वर्तमानपत्रांत मोठे आनंदी मथळे आले. पण किनारा वाढला म्हणून आपला समुद्र एका चौरस मीटरनेही वाढलेला नाही. बारा सागरी मैलांचं प्रादेशिक पाणी आणि दोनशे मैलांचं आर्थिक क्षेत्र मोजलं जातं ते आधाररेषेपासून. ती रेषा सरकारने राजपत्रात जाहीर करायची असते, आणि ती जाहीर करायला आधी कोणीतरी किनाऱ्यावरचा शेवटचा खडक, ओहोटीला उघडा पडणारा शेवटचा दांडा नेमका मोजलेला असावा लागतो. जमिनीला जसा सातबारा, तसा समुद्राला हा कागद. फरक एवढाच की इथे तलाठीही नौदल, मोजणीदारही नौदल, आणि राखणदारही तेच.

हे काम चालतं कसं? पूर्वी शिशाचं वजन दोरीला बांधून सोडत. वजनाच्या बुडाला चरबी लावलेली असे. तिला चिकटून वाळू आली, चिखल आला की शिंपल्याचा चुरा, त्यावरून तळ कसला ते कळे. आपले कोळी अजूनही खोली वावात सांगतात. जहाज नेमकं कुठे आहे ते किनाऱ्यावरच्या खुणांमधले कोन सेक्स्टंटने घेऊन ठरवत. आज दोरीच्या जागी ध्वनी आहे. जहाजाच्या तळातून सोडलेला आवाज समुद्रतळावर आपटून परत येतो आणि लागलेल्या वेळावरून खोली निघते. ऐकायला सोपं आहे. पण पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर असला तरी तो पाण्याच्या तापमानावर आणि खारेपणावर बदलतो. वेग एक टक्क्याने चुकला तर हजार मीटर खोलीत दहा मीटरची चूक. म्हणून आधी पाण्याचा थर न् थर तपासावा लागतो. आताची यंत्रं एकाच वेळी पंख्यासारखे शेकडो किरण सोडतात आणि तळाचा पट्टाच्या पट्टा टिपतात. हा पट्टा खोल पाण्यात रुंद पडतो आणि उथळ पाण्यात अरुंद. म्हणजे जिथे जहाज आपटायची भीती जास्त तिथेच काम सर्वांत हळू चालतं. खोल समुद्र भराभर उरकतो; किनाऱ्याजवळचा उथळ समुद्र हंगामामागून हंगाम खातो. आणि हंगामही पावसाळा सोडूनच.

त्यातून शून्य कुठलं हा प्रश्न. डोंगराची उंची सरासरी समुद्रसपाटीपासून मोजतात. सागरी तक्त्यावरची खोली मात्र त्या पातळीपासून देतात जिच्याखाली ओहोटी क्वचितच जाते. मुंबईत या दोन शून्यांमध्ये सुमारे अडीच मीटरचं अंतर आहे. कारण साधं आहे: कप्तानाला दिलेला आकडा कमीत कमी असावा, प्रत्यक्षात पाणी त्याहून जास्तच मिळावं. हे शून्य ठरवायला भरती-ओहोटीच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात. मुंबईत अपोलो बंदरावर त्या १८७८ पासून घेतल्या जात आहेत. हिंदी महासागरात इतकी जुनी नोंदमाला क्वचितच आढळते. आज समुद्राची पातळी किती वाढली याच्या चर्चेत जगभरचे शास्त्रज्ञ मुंबईच्या त्या आकड्यांकडे येतात. ते घेणाऱ्यांच्या मनात तेव्हा फक्त गोदीत येणारी जहाजं होती.

आता थोडं मागे जाऊ. साहेब येण्यापूर्वी आपल्याकडे सागरी ज्ञान नव्हतं असं मानायचं कारण नाही. इथे जनपथावरच्या राष्ट्रीय संग्रहालयात गुजराती मालमांची सतराव्या शतकातली पोथी आहे. मालम म्हणजे जहाजाला वाट दाखवणारा. मुंबईचे भूगोलाचे प्राध्यापक बी. अरुणाचलम यांनी असल्या पोथ्यांवर आयुष्य घातलं. त्यांचं पुस्तक मुंबईच्या मेरीटाइम हिस्ट्री सोसायटीने काढलं, जी व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटींनी उभी केली. आणि १६७९ चं खांदेरीचं प्रकरण आठवा. मुंबईच्या तोंडावर शिवाजी महाराजांनी बेटावर तटबंदी सुरू केली, इंग्रजांनी मोठी जहाजं आणून वेढा दिला, आणि मराठ्यांच्या हलक्या होड्या रात्री उथळ पाण्यातून रसद घेऊन आत-बाहेर करत राहिल्या. तोफा इंग्रजांच्या मोठ्या होत्या. खाली किती पाणी आहे ते मात्र आपल्या लोकांना ठाऊक होतं. हे ज्ञान कागदावर नव्हतं, आणि म्हणूनच ते त्या लोकांबरोबर गेलं.

कागदावर आणण्याचं काम ईस्ट इंडिया कंपनीच्या बॉम्बे मरीन या आरमाराने केलं, आणि ते उत्तम केलं हे मान्य करायला हवं. अॅलेक्झांडर डॅलरिंपल आधी कंपनीचा जलालेखक होता. १७९५ मध्ये ब्रिटिश आरमाराने आपलं पहिलं जलालेखक पद काढलं तेव्हा त्यालाच नेमलं. म्हणजे हा धंदा कंपनी आधी शिकली, सरकार मागून. १८२९ पासून पाच वर्षं एल्वन आणि मोर्सबी या मुंबईच्या अधिकाऱ्यांनी 'बनारस' आणि 'पॅलिन्युरस' ही जहाजं घेऊन तांबडा समुद्र मोजला. कारण होतं वाफ. मुंबईत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट १८३० मध्ये सुएझपर्यंत जाऊन आली, आणि प्रवाळांनी भरलेल्या त्या समुद्राचा भरवशाचा नकाशा नसेल तर टपालाचा मार्ग चालणार नव्हता. मोर्सबीने पुढे मालदीव मोजलं. त्याचे तक्ते इतके बारकाईचे होते की डार्विनने प्रवाळबेटांवरच्या १८४२ च्या पुस्तकात त्यांचा आधार घेतला.

पण याच 'पॅलिन्युरस'ची पुढची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. तिचा पुढचा कप्तान स्टॅफर्ड हेन्स. १८३४ पासून त्याने अरबस्तानचा दक्षिण किनारा मोजला. बंदरं पाहिली, खोल्या घेतल्या, सुलतानाशी ओळख केली. आणि जानेवारी १८३९ मध्ये त्याच हेन्सच्या पुढाकाराने एडन जिंकलं गेलं. सर्वेक्षक तिथला पहिला राजकीय प्रतिनिधी झाला. एडन पुढे १९३२ पर्यंत मुंबई इलाख्याचा भाग राहिलं, म्हणजे रत्नागिरी आणि एडन एकाच सचिवालयाखाली. हेन्सचा शेवट वाईट झाला. हिशेबातल्या तुटीवरून कंपनीने त्याला मुंबईच्या तुरुंगात सहा वर्षं ठेवलं, आणि १८६० मध्ये सुटल्यावर काही दिवसांतच मुंबई बंदरातच तो वारला. कंपनीची कृतज्ञता ही अशी. पण त्याच्या मोजणीचं आणि त्या विजयाचं नातं विसरू नये. पाण्याची खोली विचारायला आलेला पाहुणा पुढे कशाला येतो, हे किनाऱ्यावरच्या लोकांनी पाहिलेलं आहे.

१८६३ मध्ये कंपनीचं जुनं आरमार मोडलं आणि मोजणीही थांबली. क्लेमेंट्स मार्कहॅमने लंडनच्या इंडिया ऑफिसात बसून त्याविरुद्ध लिखाण केलं, तेव्हा कुठे १८७४ मध्ये कलकत्त्यात डंडास टेलरच्या हाताखाली सागरी सर्वेक्षण खातं पुन्हा निघालं. १८८१ मध्ये 'इन्व्हेस्टिगेटर' हे सर्वेक्षण जहाज मुंबईच्या गोदीत बांधलं गेलं. त्यावर एका निसर्गशास्त्रज्ञाची नेमणूक असे, आणि आल्फ्रेड अल्कॉकसारख्यांनी खोल पाण्यातून काढलेले मासे आजही अभ्यासाला लागतात. स्वातंत्र्यानंतरच्या जहाजालाही आपण तेच नाव दिलं.

स्वतंत्र भारताची गोष्ट मी भरभर सांगतो, कारण ती मुख्यतः चिकाटीची आहे. १९५४ मध्ये कार्यालय डेहराडूनला आलं. नकाशांचं ते जुनं गाव, सर्व्हे ऑफ इंडियाचा शेजार. १९५५ मध्ये भारत मोनॅकोतल्या आंतरराष्ट्रीय जलालेखन संघटनेचा सभासद झाला, आणि सत्तरच्या दशकात आपले रिअर अॅडमिरल डी. सी. कपूर तिथे संचालकपदावर बसले. १९६४ मध्ये विशाखापट्टणमला बांधलेलं 'दर्शक' आलं, १९८१ मध्ये कोलकात्यात बांधलेलं 'संधायक'. गोव्यात वास्कोला शिकवण्याची संस्था आहे. तिथे हिंदी महासागरातल्या अनेक देशांचे अधिकारी येऊन शिकतात. जुनं 'संधायक' २०२१ मध्ये निवृत्त झालं, नवं ३ फेब्रुवारी २०२४ ला दाखल झालं, त्यामागून 'निर्देशक' आणि 'इक्षक'. ही जहाजं पांढरी असतात. करड्या रंगाच्या युद्धनौकांत ती लांबून ओळखू येतात.

आता माझा मुद्दा. नौदल ही लपवणारी संस्था आहे. लपवणं हा तिचा धर्म आहे, आणि त्यात वावगं काही नाही. पाणबुडी कुठे आहे, तोफ किती लांब मारते, हे सांगायचं नसतं. त्याच नौदलातला एक विभाग मात्र सांगण्यासाठीच आहे. कोणाला? कोणालाही. लायबेरियाचा झेंडा लावलेल्या तेलवाहू जहाजाला, शत्रूराष्ट्राच्या मालवाहू जहाजालासुद्धा. समुद्रावरील जीविताच्या सुरक्षेचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याने किनारी देशांवर ही जबाबदारी टाकली आहे. आपल्या पाण्यात खडक कुठे आहे ते आपण अनोळखी माणसाला खरं सांगायचं, आणि उद्या तो बदलला तर तेही कळवायचं. डेहराडून दर पंधरा दिवसांनी नाविकांसाठी सूचनापत्र काढतं, ते यासाठी.

याची गंमत क्षेपणास्त्र चाचण्यांच्या वेळी पाहावी. आपण बंगालच्या उपसागरात काय डागणार हे संरक्षण खातं आधी सांगत नाही. पण अमुक तारखांना अमुक चौकोनात जहाजांनी येऊ नये, हा इशारा द्यावाच लागतो. हिंदी महासागराच्या या भागाचे, ज्याला आठवं नौवहन क्षेत्र म्हणतात, इशारे डेहराडूनहून निघतात. मग समाजमाध्यमांवरचे हौशी लोक त्या चौकोनाची लांबी मोजतात आणि क्षेपणास्त्र कुठलं असेल ते सांगून मोकळे होतात. एकाच नौदलाचा एक हात झाकतो तेच दुसऱ्या हाताला थोडंसं उघडावं लागतं.

काही देशांनी ही ओढाताण मिटवून टाकली आहे. अमेरिकेत किनाऱ्याचे तक्ते मुलकी खातं काढतं. ब्रिटनमध्ये टॉन्टनचं कार्यालय संरक्षण मंत्रालयाखालीच आहे, पण ते जगभर तक्ते विकतं. आपल्याकडेही हे काम मुलकी करावं असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. त्याचं कारण २००४ चा डिसेंबर.

२६ तारखेला सुनामी आली. अंदमान-निकोबारची बेटं नुसती धुतली गेली नाहीत, ती कलली. दक्षिणेला इंदिरा पॉइंट सव्वाचार मीटरच्या आसपास खचला. तिथल्या दीपगृहाच्या पायथ्याशी आज समुद्र आहे. पोर्ट ब्लेअर सुमारे मीटरभर खाली गेलं. उत्तर अंदमानचा पश्चिम किनारा उलट वर उचलला गेला, प्रवाळ पाण्याबाहेर पडून मेलं. विचार करा, मदत घेऊन निघालेल्या जहाजाच्या कप्तानाचा. त्याच्या हातातला तक्ता शनिवारी खरा होता, रविवारी खोटा झाला. जेटी जिथे होती तिथे पाणी, पाणी होतं तिथे खडक, आणि वर बुडालेल्या होड्या, तुटलेले ओंडके. सर्वेक्षण जहाजांना ताबडतोब निघावं लागलं. श्रीलंकेत आपल्या सर्वेक्षकांनी बंदरांची मुखं तपासून दिली, म्हणजे मदतीची जहाजं आत जाऊ शकली. 'जमुना' आणि 'निरूपक' यांची तरती रुग्णालयं केली गेली. 'निरूपक' तर सुमात्राच्या मेउलाबोपर्यंत गेलं. मुलकी खात्याला हे जमणार नाही असं नाही. पण नाताळच्या सुट्टीतल्या रविवारी हुकूम सुटल्यावर जहाज, डॉक्टर, पाणबुडे आणि मोजणीदार एकाच साखळीत निघणं, हे नौदलातच होतं.

मुंबईकरांना जवळची दोन उदाहरणं. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी 'चित्रा' आणि 'खलिजिया' ही जहाजं आपटली, 'चित्रा'वरचे कंटेनर पाण्यात गेले, आणि तळ तपासून रस्ता मोकळा आहे असं कोणी सांगेपर्यंत बंदर ठप्प राहिलं. आणि मे २०२१ मधलं तौक्ते वादळ: पी-३०५ हा तराफा बॉम्बे हायच्या तेलक्षेत्रात बुडाला, अनेक माणसं गेली. तळाशी तो कुठे आहे हे शोधायला 'मकर' हे सर्वेक्षण जहाज बाजूला पाहणारा सोनार घेऊन गेलं. पुढची शोधाशोध पाणबुड्यांनी केली. 'मकर'च्या जातीची सहा जहाजं मागवली होती. हाती आलं हे एकच.

तेव्हा काम नौदलाकडेच राहावं असं मी म्हणतो, पण मग हेन्सचं भूतही नौदलाच्याच मानेवर राहतं. जून २०१९ मध्ये पंतप्रधानांच्या माले भेटीत मालदीवशी जलालेखनाचा करार झाला आणि आपल्या जहाजांनी तिथे मोजणी केली. डिसेंबर २०२३ मध्ये मुइझ्झू सरकारने तो पुढे न चालवण्याचं ठरवलं. २०२४ च्या जूनमध्ये तो संपला. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत चीनचं 'शियांग यांग होंग ०३' हे संशोधन जहाज मालेला लागलं होतं. दिल्लीत तेव्हा मोठा संताप झाला. संतापाचं कारण मला समजतं. खोल पाण्याचा नकाशा मासेमारीला लागतो तसाच पाणबुडीला लागतो, आणि चिनी जहाजं प्रवाळ पाहायला येत नाहीत. पण मालदीवने आपल्या समुद्राची माहिती आपल्याच ताब्यात हवी असं म्हणणं मला कृतघ्नपणाचं वाटत नाही. दोनशे वर्षांपूर्वी मोर्सबी गेला तेव्हा त्यांना विचारलं नव्हतं. आपण विचारून गेलो, हा फरक मोठा आहे. तो टिकवायचा तर मोजणीचे आकडे आधी यजमानाच्या हाती जायला हवेत, आणि तसं होतं हे त्यांच्या लोकांना दिसायला हवं. नुसता मैत्रीचा फोटो पुरत नाही.

आणि घरचं काय? विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभर किलोमीटरच्या पलीकडे समुद्रात एक बुडालेला उंचवटा आहे, सुमारे ४० किलोमीटर लांब, वर जेमतेम वीस मीटर पाणी, प्रवाळाने भरलेला. तक्त्यावर त्याचं नाव अंगरिया बँक. कान्होजी आंग्र्यांशी आयुष्यभर लढलेल्या इंग्रजांनी त्यांचं नाव समुद्राच्या तळावर छापून ठेवलं, आणि मराठी माणसांपैकी फार थोड्यांना ते ठाऊक आहे. तो प्रादेशिक पाण्याच्या बाहेर पण आर्थिक क्षेत्राच्या आत येतो, म्हणून त्याला संरक्षण द्यायचं तर राज्याच्या नव्हे, केंद्राच्या कायद्याने द्यावं लागेल. हा सगळा प्रश्न नेमक्या रेषांवर उभा आहे, आणि त्या रेषा कोणीतरी मोजलेल्या आहेत.

त्याहून जवळची गोष्ट कोकणातल्या खाड्यांची. नव्या मोठ्या जहाजांचं मला कौतुक आहे, पण ११० मीटरचं जहाज आंजर्ल्याच्या खाडीत शिरत नाही. लहान बंदरं राज्याच्या सागरी मंडळाकडे, मोठा समुद्र नौदलाकडे, आणि मधल्या गाळात होडी रुतते ती कोळ्याची. खाडीच्या तोंडावरचा वाळूचा दांडा दर पावसाळ्यात जागा बदलतो. तांडेल त्याची माहिती एकमेकांना फोनवर देतात. त्या माहितीला कुठल्याही तक्त्यात जागा नाही. नौदलाने राज्याच्या मोजणीदारांना यंत्रं आणि माणसं द्यावीत, तांडेलांच्या नोंदी घ्याव्यात, आणि डेहराडूनच्या सूचनापत्रातला कोकणापुरता भाग मराठीत करून हर्णै, दाभोळ, साखरी नाटे, मालवण इथल्या जेटींवर पंधरा दिवसांनी लावावा. लायबेरियाच्या जहाजाला जे सांगणं आपल्यावर बंधनकारक आहे, ते हर्णैच्या होडीला सांगायला करार लागू नये.